मारवाडी घोडीला वेस्टर्न जीन: कंपनी विचारू नका, पाठ मोजा

प्रश्न थोडक्यात असा. शिरपूर तालुक्यातल्या एका भाऊंनी सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी घोडी घेतली. कुमेद रंग, पाच वर्षांची, उंची ६१ इंच. हौसेनं वेस्टर्न जीन, म्हणजे अमेरिकी काऊबॉय धाटणीचं खोगीर, मागवलं. सीट १६ इंची, आणि वर्णनात लिहिलेलं ‘फुल क्वार्टर हॉर्स बार’. महिनाभर बरं चाललं. आता जीन घेऊन जवळ गेलं की घोडी कान पाडते, तंग म्हणजे पोटाखालचा पट्टा आवळताना चावायला फिरते, आणि मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्या दोन्ही अंगांना रुपयाएवढे केस उडालेत. विकणारा म्हणतो जाड पॅड टाका. गावातले म्हणतात घोडी खोडीची निघाली. भाऊ विचारतात, मारवाडीसाठी कोणत्या कंपनीचं वेस्टर्न जीन घ्यावं?

आधी घोडीचा निकाल लावू. ती खोडीची नाही. महिनाभर मुकाट चालणारी घोडी जीन बघून कान पाडायला लागते, तेव्हा तिला ते जीन काय करतं ते कळलेलं असतं. केस उडाले म्हणजे पुरावा पाठीवरच लिहिलाय. कातडी पूर्ववत होईपर्यंत तिच्यावर बसू नका, दोरीवर फिरवा. उंचवट्यावर सूज असेल, हाताला गरम लागत असेल, तर पशुवैद्यांना दाखवा. तिथे पू झाला तर प्रकरण महिनोन् महिने चालतं. आणि कृपा करून गाडीचं जळकं ऑइल चोपडू नका. हे मी दर वर्षी कुणाला ना कुणाला सांगतो, आणि दर वर्षी कुणी ना कुणी चोपडून आलेलं असतं.

आता कंपनीचा प्रश्न. कासार बांगड्या भरताना बाईला तिचं गाव विचारत नाही. हात हातात घेतो, दाबून बघतो, आणि माप काढतो. जिनाचंही तसंच आहे. ‘मारवाडी’ हे गाव झालं. मला तुमच्या घोडीचा हात बघायचाय, म्हणजे पाठ.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे हा कोण सांगणारा ते कळेल. मी दोंडाईचाकडचा. आमच्या घरी आधी विहिरीच्या मोटा शिवायचं काम होतं. पंप आले, मोटा गेल्या, वडील बैलांच्या सामानावर आले आणि तिथून घोड्यांच्या जिनांवर. मी तीसेक वर्षं जिनं उसवतो, भरतो, शिवतो, आणि कुठलं जीन कुठल्या पाठीवर बसेल ते बघून देतो. नवी जिनं विकत नाही, त्यामुळे कुणाचीच जाहिरात करायची मला गरज नाही.

खरी अडचण अशी आहे. वेस्टर्न जिनाच्या पोटात एक सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. पूर्वी लाकडाचा, वरून कच्चं कातडं आवळलेला. आता फायबरचाही येतो. या ट्रीला खाली दोन लांबट फळ्या असतात, त्या बार. कण्याच्या डाव्या-उजव्या अंगाला त्या टेकतात आणि बसणाऱ्याचं सगळं वजन त्यांच्यातून पाठीवर उतरतं. पुढच्या कमानीखाली जो बोगदा राहतो तो गलेट. चामडं, नक्षी, चांदीसारखी बटणं, पुढचं हॉर्न म्हणजे ती धरायची मूठ, हे सगळं तुमच्यासाठी आहे. घोडीसाठी फक्त त्या दोन फळ्या आहेत.

इंग्लिश जिनात खाली लोकरीच्या गाद्या असतात. बसत नसेल तर उसवून भरती कमी-जास्त करता येते. आपल्या जुन्या गादीवाल्या खोगिरातही तेच. वेस्टर्नमध्ये ती सोय नाही. फळीचा आकार कारखान्यात ठरला तो ठरला. मी कितीही हुशारी केली तरी फळीचा कोन बदलू शकत नाही.

आणि तो कोन ठरवला कुणाच्या पाठीवर? नावातच आहे. क्वार्टर हॉर्स ही अमेरिकेतली जात, पाव मैलाच्या शर्यतीवरून नाव पडलेली. रुंद पाठ, भरलेले खांदे, विदर्स म्हणजे तो मानेमागचा उंचवटा बेताचा. गुरं राखणाऱ्यांचं काम या घोड्यावर चालायचं, म्हणून जिनांची मापंही त्याच्याच नावानं पडली: सेमी क्वार्टर हॉर्स बार, फुल क्वार्टर हॉर्स बार. आपल्याकडे मिळणारी बरीच वेस्टर्न जिनं कानपूरची. तिथल्या खोगिरांना जीआय मानांकन आहे, काम चांगलं असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो माल मुख्यतः परदेशात जातो आणि परदेशी घोड्यांच्या मापानं बनतो. तेच साचे इथे आपल्या घोड्यांच्या पाठीवर येतात.

आता मारवाडी बघा. अंग सडपातळ, छाती अरुंद, विदर्स उंच आणि मागेपर्यंत गेलेले. पुढून बघितलं तर पाठ कौलारू घराच्या छपरासारखी, दोन्हीकडे उतरती. फुल बारची फळी बेताच्या उताराची. तीव्र उताराच्या छपरावर पसरट पत्रा ठेवला तर तो कुठे टेकेल? फक्त वरच्या कडेला, आढ्याजवळ. तुमच्या घोडीचे केस नेमके तिथेच उडालेत. शिवाय जीन रुंद असल्यानं पुढून खाली बसतं, गलेट विदर्सला टेकायला लागतो, आणि बसणारा पुढे झुकतो. मग तो तोल सावरायला रिकिबीवर जोर देतो, आणि दाब अजून पुढे जातो.

‘मग सेमी घेतो’ असं लगेच म्हणू नका. फुलचा गलेट साधारण ७ इंच आणि सेमीचा साडेसहा इंच असं सांगतात, पण हे माप कोण कुठून कुठे घेतो याला काही धरबंध नाही. एकजण पुढच्या दोन बटणांमधून मोजतो, दुसरा आतल्या लाकडावरून. दोन कारखान्यांचे साडेसहा इंच एकसारखे नसतात. आणि रुंदी जुळली तरी कोन जुळेल असं नाही. अर्धवट जाणकार सल्ला देतात की मारवाडी अरबीसारखा हलका, तर अरेबियन ट्री घ्या. या फसव्या सल्ल्यानं माझ्याकडे दोन गिऱ्हाईकं आली. अरबी घोड्याची पाठ आखूड असते हे खरं, पण सहसा ती गोलसरही असते, म्हणून त्या ट्रीच्या फळ्या उलट जास्त पसरट असतात. उंच विदर्सच्या मारवाडीवर ते जीन फुल बारपेक्षा वाईट बसू शकतं.

म्हणून मोजायचं. यासाठी बाहेरून काही मागवावं लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानात नकाशे काढणाऱ्यांची वाकणारी रबरी पट्टी मिळते, ६० सेंटिमीटरची घ्या. ती नसेल तर वायरमनकडून हातभर जाड ॲल्युमिनियमची तार आणा. पातळ बाइंडिंग तार नको, ती उचलताना आकार सोडते.

घोडी सपाट जागी उभी करा, चारही पाय नीट खाली, मान नेहमीच्या उंचीला. चारा पुढे ठेवू नका. ती मान खाली घालेल आणि पाठ बदलेल. मग खांद्याचं हाड शोधा. एकाला पुढचा पाय हळूच उचलून पुढे ओढायला सांगा आणि तुम्ही तळहात खांद्यामागे ठेवा. हाडाची वरची कड हाताखालून मागे सरकलेली कळेल. ती कड मऊ असते, कुर्चेची. मारवाडी तरणी आणि लांब पावलांची असेल तर ही सरक चांगलीच जाणवते. पाय खाली ठेवल्यावर हाड जिथे येतं त्याच्या मागे दोन-तीन बोटं जागा सोडून पहिली खूण. तिथून पुढे जिनाची फळी येता कामा नये.

खूण खडूनं करा. तिथे तार पाठीवर आडवी ठेवून दोन्ही हातांनी दाबत वळवा, अलगद उचला आणि पुठ्ठ्यावर ठेवून आतली रेघ मारा. बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा झकास चालतो. असाच दुसरा आकार पाठीच्या सगळ्यात खोल जागी घ्या आणि तिसरा शेवटच्या बरगडीपाशी. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटची हातानं चाचपून सापडते, तिथून रेघ सरळ वर कण्यापर्यंत न्या. चौथा आकार उभा, कण्याच्या बाजूनं चार बोटं सोडून, पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत. त्यात पाठ सरळ आहे की झोपाळ्यासारखी ते कळतं. प्रत्येक पुठ्ठ्यावर तारीख आणि डावं-उजवं लिहा. दोन बाजू सारख्या नसतात, त्याला घाबरू नका, पण लिहून ठेवा.

हे चार पुठ्ठे कापून घेतले की घोडी तुमच्या पिशवीत आली. दुकानात जा, जीन उलटं करा, लोकरीतून बोटांनी फळी चाचपा आणि पुठ्ठा लावून बघा. लांबून मागवायचं असेल तर पुठ्ठ्याशेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. विकणारा म्हणाला की याची गरज नाही, आमचं सगळ्यांना बसतं, तर नमस्कार करून फोन ठेवा.

सारंगखेड्याची एक खास अडचण इथेच सांगतो. दत्तजयंतीला तापीकाठी जे घोडे येतात ते विकायला तयार केलेले असतात. हरभरा, गूळ, तूप खाऊन पाठीवर चरबीचा थर असतो आणि कामाचा घाम नसतो. तिथेच माप घेऊन जीन सांगितलं तर संक्रांतीनंतर ते बसत नाही. चालवायला लागल्यावर चरबी उतरते, मग हळूहळू स्नायू भरतात. चार-पाच वर्षांचं जनावर तर अजून घडतच असतं. माझा नियम असा की यात्रेतून आणलेल्या घोड्याचं माप दोन-तीन महिने नियमित फिरवल्यावर घ्यायचं. तोवर कुणाचं तरी बऱ्यापैकी बसणारं साधं खोगीर उसनं घ्या. पुढे पावसाळा आहेच. आपल्या काळ्या मातीत चार महिने घोडं फारसं बाहेर निघत नाही, दसऱ्याला परत गुबगुबीत झालेलं असतं. म्हणून मी पुठ्ठे वर्षातून दोनदा काढायला सांगतो, होळीच्या सुमाराला एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा.

आता पॅडकडे येतो, कारण भाऊंना तोच उपाय सांगितला गेलाय. मराठीत खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी भरण्याला का वापरतात ते माझ्या धंद्यात रोज कळतं. जाड पॅडनं जीन वर उचललं जातं, पण फळीचा कोन तोच राहतो. वर उचललेलं जीन डुलतं, डुलू नये म्हणून तुम्ही तंग आणखी आवळता, आणि घोडीला चावायला आणखी एक कारण मिळतं. आणि जीन मुळातच अरुंद असेल तर जाड पॅड म्हणजे सरळ शिक्षा. आधीच चिमटा, त्यात आणखी थर.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या पहिल्या घोड्यावर, तोही कुमेदच होता, मी असंच रुंद जीन घोंगडीच्या दोन घड्या घालून चालवलं. दोन हिवाळे चालवलं. विदर्सच्या दोन्ही बाजूंना केस गेले आणि परत आले ते पांढरे. केसांच्या मुळाशी इजा झाली की तिथे पांढरे केस येतात, मग ते जात नाहीत. पुढे मी तो घोडा यात्रेत नेला. आपल्याकडे भोवरे, देवमन, पंचकल्याणी हे सगळं बघून भाव ठरतो. एक म्हातारे बाबा त्या पांढऱ्या ठिपक्यांवरून हात फिरवून म्हणाले की खूण मोठी शुभ आहे. शेजारी एक ठेलारी मेंढपाळ उभा होता, तो म्हणाला, “शुभ काय नही बाबा, जीन टोची राहिनी त्याले.” मी खाली बघत राहिलो. तो घोडा मी विकला नाही.

पॅड वाईट असतं असं नाही. लोकरीच्या नमद्याचं, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरीचं, पाऊण ते एक इंच पॅड मी सगळ्यांना सांगतो. घाम शोषतं, घर्षण कमी करतं. रबरासारखं नियोप्रीन हिवाळ्यात ठीक, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास जातो तेव्हा त्याखाली पाठ उकडते. विदर्स उंच असेल तर पुढे खाच कापलेलं किंवा पाठीच्या वळणाप्रमाणे शिवलेलं पॅड घ्या, आणि जीन ठेवल्यावर पॅडची मधली रेघ बोटानं वर गलेटमध्ये ओढून घ्या, म्हणजे ते कण्यावर ताणून बसत नाही. पॅडचं आणखी एक योग्य काम आहे. पूर्वीच्या वाईट जिनानं विदर्सच्या मागे दोन्ही बाजूंना खड्डे पडलेले असतात, स्नायू सुकलेले असतात. तुमच्या घोडीला ते असण्याची शक्यता आहे. तिथे नमद्याचे पातळ तुकडे पॅडच्या खिशात घालून जागा भरता येते, आणि स्नायू परत भरतील तसे ते काढत जायचे. यासाठी जीन किंचित रुंद लागतं. किंचित रुंद सुधारता येतं, अरुंद सुधारता येत नाही. पण तुमचं जीन किंचित रुंद नाही, कोनानंच चुकलंय.

जीन प्रत्यक्ष घालून बघताना पहिल्यांदा पॅडशिवाय ठेवा. थोडं पुढे ठेवून केसांच्या दिशेनं मागे सरकवा. आपोआप जिथे थांबेल ती त्याची जागा. पुढचं बटण खांद्याच्या हाडामागे आलं पाहिजे. चामड्याची झालर, ज्याला स्कर्ट म्हणतात, ती खांद्यावर आली तर चालते, तिच्यात फळी नसते. मग तळहात फळीखाली वरून खाली सरकवा. वर दाबलं जातंय आणि खाली मोकळं, तर कोन पसरट. तुमच्याकडे हेच दिसेल. वर मोकळं आणि खालच्या कडेला चिमटा, तर कोन अरुंद. विदर्स आणि गलेटमध्ये दोन-तीन बोटं जागा, आणि बसणारा वर बसल्यावरही निदान दोन. पुढून आणि मागून गलेटमधून बघा, उजेड आरपार दिसला पाहिजे.

सगळ्यात चांगली परीक्षा मात्र फिरवून आल्यावरची. माझ्याकडे धोतराचे पांढरे तुकडे ठेवलेले असतात. घोडीला त्या दिवशी खरारा करायचा नाही. आपल्याकडची काळी धूळ केसांत असतेच. पाठीवर तो तुकडा, वर पॅड, वर जीन, आणि अर्धा तास चालवून आणायचं, थोडी दुडकीही. उतरल्यावर धोतर उचलून भिंतीवर धरायचं. चांगल्या जिनाचे दोन लांबट करडे पट्टे उमटतात, सगळीकडे सारखे. मागे एकानं चोपड्याहून काठेवाडी घोडा आणला होता, त्याच्या धोतरावर चार कोपऱ्यांत चार काळे डाग आणि मधे पांढरं स्वच्छ. म्हणजे फळी पुढे आणि मागे टेकत होती, मधे पुलासारखी अधांतरी. त्या घोड्याची पाठ झोपाळ्यासारखी होती आणि फळी सरळ. मालक म्हणाला, धोतर कोरं म्हणजे चांगलंच की, मधे लागत नाही. सत्तर किलोचा माणूस चार नारळांवर उभा केला तर मधे लागणार नाहीच.

घामाच्या खुणाही अशाच वाचतात, पण जपून. घामानं भिजलेल्या पाठीवर कोरडा ठिपका राहिला तर तिथे एक तर जीन टेकतच नाही, किंवा इतकं दाबतं की घामच फुटत नाही. कुठलं ते बोटानं दाबून बघा. घोडी अंग चोरत असेल तर दुसरं.

लांबीचं भान मारवाडीत थोडं, काठेवाडी आणि कच्छी-सिंधीत फार ठेवावं लागतं, त्यांच्या पाठी आखूड. फळी शेवटच्या बरगडीच्या फार मागे गेली की वजन कमरेवर येतं. चौकोनी स्कर्टचं जीन सहज २७-२८ इंच लांब भरतं आणि मागून कमरेला टोचतं. गोल स्कर्टचं घेतलं तर दोन-तीन इंच वाचतात. इथे माणसाचीही गोष्ट येते. देह मोठा, सीट १७ इंच लागते, आणि घोडा काठेवाडी. मग बसणाऱ्याला जे जीन बसतं ते घोड्याला बसत नाही. यावर माझ्याकडे शिवणकामाचा उपाय नाही.

रेवाल चालीचे, म्हणजे बसणाऱ्याला न हादरवता झपाझप चालणारे, घोडे असतील तर खांदा मोकळा हवा. गेटेड ट्री नावाचा प्रकार मिळतो, त्यात फळीचं पुढचं टोक बाहेर वळवलेलं असतं आणि गलेट बऱ्याचदा उंच असतो. उंच विदर्सच्या मारवाडीला मी तो प्रकार आधी लावून बघतो, घोडा रेवाल नसला तरी. दर वेळी बसतो असं नाही, पण माझ्या हाताखालून गेलेल्यांत हाच जास्त बसलाय.

तंगाची जागा लोक विसरतात. तंग नेहमी कोपरामागच्या सगळ्यात बारीक जागी जाऊन बसतो. जिनावरची तंगाची कडी त्या जागेच्या बरोबर वर असली पाहिजे. कडी मागे आणि बारीक जागा पुढे, तर चालता चालता तंग पुढे जातो आणि जीनही खांद्यावर ओढतो. लोक मग दुमची, म्हणजे शेपटाखालून जाणारा पट्टा, लावतात आणि शेपटाखाली कातडी सोलतात. कडी पुढे असलेलं रिगिंग, म्हणजे तंग अडकवायची रचना, घ्या, दुमची लागणार नाही. मागचा तंग लावत असाल तर तो पोटाला नुसता टेकलेला असावा, लोंबता नको, आणि मधल्या पट्टीनं पुढच्या तंगाला जोडलेला हवा, नाहीतर मागचं खूर त्यात अडकायची भीती.

सगळ्यांची अडचण अरुंदपणाची नसते, हेही सांगून ठेवतो. आपल्या ठेलाऱ्यांची तट्टं बघा, सातपुड्याकडे बिऱ्हाड घेऊन चालतात, भांडी, कोकरं, कोंबड्या सगळं पाठीवर. पाठ पिंपासारखी गोल, विदर्स नावाला. साक्रीकडच्या एकानं असं तट्टू हौसेनं घेतलं आणि त्यावर सेमी बारचं जीन टाकलं. ते वरच तरंगायचं, आणि चढताना मालकासकट पोटाखाली जायचं. त्यानं तंग आवळून आवळून जनावराचा श्वास कोंडला. त्याला तुमच्यासारखं रुंद, पसरट फळीचं जीन हवं होतं. तुमचं जीन विकायचं झालं तर असं गिऱ्हाईक शोधा.

वजनाचं बोलल्याशिवाय जमणार नाही. चामड्याचं पुरं वेस्टर्न जीन १५ किलोच्या पुढे सहज जातं. घोड्याचं वजन काढायला छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. घेर १६५ आणि लांबी १५० भरली तर घोडी ३४४ किलोच्या आसपास. २००८ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका अभ्यासात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५ ते ३० टक्के भार ठेवून चालवून बघितलं. २५ आणि ३० टक्क्यांना पाठीचे स्नायू जास्त दुखरे झाले. म्हणून २० टक्क्यांची मर्यादा धरतात, त्यात जीनही आलं. ३४४ किलोच्या घोडीला ६९ किलो. जीन १५ आणि पॅड-लगाम २ धरले तर बसणाऱ्याला उरतात ५२. आपल्याकडचे किती पाटील ५२ किलोचे आहेत? तुमचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही. सत्तरच्या पुढे असाल तर चामड्याचा नाद सोडून कॉर्ड्युरा कापडाचं हलकं वेस्टर्न बघा, ते सात-आठ किलोत मिळतं. हिशोब तरी जवळपास येतो. आणि छोट्या फेऱ्या मारा.

जुनं जीन स्वस्तात मिळत असेल तर ट्री मोडलेला नाही ना बघा. हॉर्न पोटाला टेकवा, जिनाची मागची उभी कड दोन्ही हातांनी स्वतःकडे दाबा. मधे लवलं किंवा करकरलं तर फुकटही घेऊ नका. उलटं करून दोन्ही फळ्या सारख्या अंतरावर आहेत का तेही मोजा. स्वस्त मालात एक फळी पुढे-मागे बसवलेली मी बऱ्याचदा पाहिलीय.

तर भाऊ, क्रम असा धरा. कातडी बरी होईपर्यंत थांबा. मग महिना-दोन महिने हलक्या, बसणाऱ्या खोगिरावर चालवा. मग चार पुठ्ठे. त्यांच्या आकाराला जुळणारं, उंच गलेटचं, गोल स्कर्टचं, शक्यतो गेटेड ट्रीचं जीन शोधा, आणि दुकानदाराशी आधीच ठरवून घ्या की धोतराची परीक्षा नापास झाली तर परत घेईल. तीन-चार जिनं लावून बघूनही बसलं नाही तर एखाद्या कारागिराकडून पुठ्ठ्यावरून ट्री घडवून घेणं उरतं, त्याला पैसा आणि धीर दोन्ही लागतात. ते जमणार नसेल तर भरती बदलता येणारं इंग्लिश जीन घ्या. फोटोत हॉर्न दिसणार नाही एवढंच.

पुठ्ठे काढलेत की पट्टी शेजारी ठेवून फोटो टाका. घोडीचा बाजूनं एक आणि मागून, स्टुलावर उभं राहून वरून एक. तुमचं वजनही लिहा, खरं लिहा. मग सांगतो कोणता प्रकार आधी लावून बघायचा.